सातवं काडतूस: एका एम-वन गॅरंड रायफलीच्या अडकण्याचा तपास

फोन उचलल्या उचलल्या मित्र म्हणाला, “भावा, सातवी अडकते रे. दर वेळी सातवीच.”

मित्र माझ्याच गावचा, कोल्हापूरचा. आम्ही दोघं ओहायोत राहतो आणि एकाच नेमबाजी क्लबचे सभासद आहोत. मी शिरोली एमआयडीसीत उमेदवारी केली आणि इकडे आल्यावरही पोटापाण्याचं काम टूलरूमचंच मिळालं. बंदुका दुरुस्त करणं हा माझा धंदा नाही. पण झिजलेला पार्ट ओळखणं, मोजणं आणि तो का झिजला हे शोधणं रोजचं असल्यामुळे क्लबात कुणाची जुनी रायफल अडून बसली की ती माझ्या गॅरेजातल्या बाकावर येते.

रायफल एम-वन गॅरंड होती, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्कराची. स्प्रिंगफील्ड आर्मरीत बनलेली, क्रमांक पंधरा लाखांच्या पुढचा, म्हणजे १९४३ सालचा रिसीव्हर (रायफलीचा मधला मुख्य सांगाडा). मित्राने ती जुन्या शस्त्रांच्या एका प्रदर्शनात घेतली होती. विकणाऱ्याने “उत्तम चालते” एवढंच सांगितलं होतं. नळी चांगली होती, लाकूड चांगलं होतं, दोनशे यार्डांवर गोळ्या नीट एकत्र पडत होत्या. अडचण एकच. आठ काडतुसांची क्लिप भरली की सहा गोळ्या सुरळीत सुटायच्या आणि सातवी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या घरात, जायच्या आधी तिरकी होऊन बसायची.

यात एक गोष्ट मला लगेच खटकली. क्लबातल्या एकाने त्याला सल्ला दिला होता की चेंबरच्या तोंडाशी हँड ग्राइंडर फिरवून घे, गुळगुळीत कर, म्हणजे काडतूस घसरत आत जाईल. मित्राने ग्राइंडरचा दगड आणूनही ठेवला होता. मी त्याला म्हटलं, “रायफल आधी माझ्याकडे आण. तोवर त्याला ग्राइंडर लावू नकोस. काढलेलं लोखंड परत बसवता येत नाही.”

मग मला स्वतःलाच आठवलं की याच रायफलीच्या इतिहासात काढलेलं लोखंड परत बसवावं लागलं होतं, आणि तेही नेमकं सातव्या काडतुसासाठी.

स्प्रिंगफील्डमध्ये काय घडलं होतं

जॉन गॅरंड मूळचा कॅनडातल्या क्वेबेकचा. तो १९१९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी स्प्रिंगफील्ड आर्मरीत आला आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं स्वयंभरण (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) रायफलीच्या आराखड्यावर राबला. जानेवारी १९३६ मध्ये अमेरिकी लष्कराने त्याची रायफल अधिकृतपणे स्वीकारली. १९३७ च्या सप्टेंबरात उत्पादन दिवसाला जेमतेम दहा नगांवर होतं. १९४१ च्या जानेवारीपर्यंत ते दिवसाला सहाशेवर गेलं.

सातव्या काडतुसाचा घोळ याच वाढीच्या काळातला. आर्मरीच्या टूलरूममध्ये हाताने जुळवून केलेल्या नमुना रायफली नीट चालत होत्या. कारखान्यातल्या यंत्रांवर काढलेल्या रायफलींत मात्र सातवं काडतूस अडकू लागलं. आराखडा तोच आणि काडतूसही तेच असल्याने कारण कुणाला लवकर सापडेना. शेवटी दिसलं ते असं: रिसीव्हरच्या आतल्या भिंतीवर काडतुसाला वळण देणारी एक कड असते. मोठ्या उत्पादनासाठी नवी टूल्स आणि कटर बसवताना त्या कडेचा थोडासा भाग कापला जात होता. नमुना रायफलींत ती कड पूर्ण लांबीची होती. कटर बदलले, आणि सुरुवातीच्या काळात निघालेल्या रिसीव्हरांवर त्या जागी वेल्डिंग करून लोखंडाचा तुकडा परत चढवला. तसे रिसीव्हर आजही संग्राहकांकडे दिसतात.

ही गोष्ट मी आमच्या टूलरूममधल्या नवीन पोरांना नेहमी सांगतो. सँपल पास झालं म्हणून प्रॉडक्शन पास झालं असं होत नाही, हे आमच्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी नव्याने शिकतं. एका कटरची धाव जरा जास्त झाली आणि जगातली नावाजलेली रायफल सहा गोळ्यांवर थांबू लागली.

पण ती उणीव दुरुस्त झाली ती अमेरिका युद्धात उतरण्याच्या आधी. मित्राची रायफल १९४३ ची. तरीही खात्री करून घेण्यासाठी मी टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरांसारखा छोटा आरसा घेऊन आत पाहिलं. कड पूर्ण होती, तिच्यावरचा जुना काळपट रंगही शाबूत होता. म्हणजे लक्षण तेच असलं तरी कारण वेगळं असणार होतं.

ही रायफल काडतूस उचलते कशी

गॅरंडमध्ये खाली लोंबणारं मॅगझिन नसतं. स्प्रिंग-पोलादाच्या क्लिपमध्ये आठ काडतुसं दोन रांगांत, एकमेकांच्या खाचांत बसवलेली असतात. ती क्लिपसकट वरून दाबून आत घालायची. शेवटची गोळी सुटली की रिकामी क्लिप टणकन बाहेर उडते आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग, मागेच राहतो.

आतली गंमत स्प्रिंगमध्ये आहे. नळीखाली एकच लांब स्प्रिंग असते आणि तिच्यावर दोन कामं टाकलेली असतात. एका टोकाने ती ऑपरेटिंग रॉडला (बोल्टला पुढे-मागे नेणाऱ्या दांड्याला) आणि त्याच्यासोबत बोल्टला पुढे ढकलते. दुसऱ्या टोकाने फॉलोअर रॉड आणि फॉलोअर आर्म यांच्यामार्फत क्लिपमधली काडतुसं खालून वर उचलून धरते. काडतुसं संपत जातात तसा फॉलोअर (काडतुसांना खालून टेकू देणारा भाग) वर येतो, स्प्रिंगला पसरायला जागा मिळते आणि तिचा उचलण्याचा जोर कमी होत जातो. म्हणजे जोर सर्वांत कमी केव्हा असतो? शेवटची दोन काडतुसं उरलेली असतात तेव्हा.

त्याच वेळी आणखी एक आधार सुटतो. क्लिप भरलेली असताना काडतुसं एकमेकांना दाटून धरतात. दोनच उरली की ती सैल पडतात. सातवं काडतूस तेव्हा आठव्याच्या पाठीवर आणि फॉलोअरवर टेकलेलं असतं, बोल्ट मागून ढकलतो आणि टोकाला वर धरायला आधार पुरेसा नसेल तर ते खाली झुकतं. स्प्रिंगफील्डची कड कापली गेल्यावर नेमका असाच आधार गेला होता. सातवा आकडा काही योगायोगाने आलेला नाही, तो या रचनेतला कमकुवत क्षण आहे.

पहिली नोंद

रविवारी सकाळी रेंजवर गेलो. मित्राकडे सहा क्लिपा होत्या. त्यांवर मार्करने १ ते ६ आकडे टाकले. काडतुसं एम-वनसाठीच म्हणून विकली जाणारी घेतली, १५० ग्रेन वजनाच्या गोळीची. शिकारीची जड गोळीची, सावकाश जळणाऱ्या दारूची काडतुसं या रायफलीत घालू नयेत. नळीच्या पुढच्या भागातला जळत्या दारूच्या गॅसचा दाब वाढून ऑपरेटिंग रॉड वाकतो. मित्राने तसली वापरली नव्हती, याचं मला बरं वाटलं.

प्रत्येक क्लिप दोनदा, म्हणजे बारा क्लिपा, शहाण्णव गोळ्या. नऊ वेळा अडकली. त्यातली आठ सातव्या काडतुसाला, एक आठव्याला. वहीत मी क्लिपचा क्रमांक, कितवं काडतूस आणि ते कसं अडकलं हे लिहीत होतो. मित्र म्हणाला, “सातवीच अडकते हे तर मी आधीच सांगितलं होतं की.” खरं होतं. पण कोणत्या क्लिपला, आणि टोक कुठे टेकलेलं, हे त्याने पाहिलं नव्हतं. अडकलं की बहुतेक लोक हँडल खेचून काडतूस झटकतात आणि पुढची गोळी मारतात. त्या झटक्यात पुरावा जमिनीवर पडतो.

आम्ही प्रत्येक वेळी थांबून, नळी समोर ठेवून, आत पाहिलं. सगळ्या नऊ वेळी चित्र एकच होतं. काडतुसाची मागची बाजू बोल्टने बरोबर पकडलेली, आणि टोक चेंबरच्या तोंडाखाली, नळीच्या मागच्या पृष्ठभागाला टेकलेलं. तांब्याच्या वेष्टनावर नखाएवढी चंद्रकोर उमटलेली.

गॅसवरचा संशय

गॅरंड अडकली की पहिलं बोट गॅसकडे जातं, आणि माझंही गेलं. नळीच्या तोंडाजवळच्या छिद्रातून गॅस सिलिंडरमध्ये येतो आणि ऑपरेटिंग रॉडच्या टोकाचा पिस्टन मागे ढकलतो. पिस्टन झिजला, किंवा सिलिंडरचा लॉक स्क्रू ढिला पडला, तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही. त्यात मी जवळजवळ अख्खी दुपार घालवली. पिस्टनचा व्यास मोजला. ०.५२५ इंचाच्या खाली गेला तर टाकाऊ, हा ०.५२५७ होता. लॉक स्क्रू घट्ट होता.

दुपार वाचली असती, जर मी मित्राला आणखी एक प्रश्न आधी विचारला असता. तो त्याने स्वतःहून संध्याकाळी चहा पिताना सांगितला. आमच्या क्लबच्या सामन्यात झटपट फेरीला दहा गोळ्या असतात, त्या दोन आणि आठ अशा भरायच्या: आधी दोन काडतुसांची क्लिप, ती संपली की आठांची. मित्र म्हणाला, “दोनची क्लिप भरताना मी वरचं काडतूस अंगठ्याने जरा पुढे सरकवतो. नाहीतर तेही अडकतं.”

मी कप खाली ठेवला.

दोनच्या क्लिपमधलं पहिलं काडतूस म्हणजे जागेच्या हिशेबाने सातवंच. फरक एवढाच की तिथे बोल्ट मागे नेणारा गॅस नसतो, हात असतो. हाताने बोल्ट पूर्ण मागे गेलेला आहे, तो पूर्ण जोराने पुढे येतोय, आणि तरीही काडतूस अडकतंय. म्हणजे गॅसचा यात काही दोष नाही. सामन्याच्या गडबडीत त्याने शोधलेली अंगठ्याची ती युक्ती महिनोन्महिने खरं लक्षण झाकत होती. शिवाय ती धोक्याची. बोल्ट सुटला तर अंगठा चेंबरच्या तोंडात सापडतो. या रायफलीच्या वापरात अंगठा चेंगरणं इतकं नेहमीचं आहे की त्या दुखापतीला ‘गॅरंड थंब’ असं नावच पडलंय.

ब्ल्यू लावून

पुढचं काम रेंजवर करायची गरजच उरली नाही. खरी काडतुसं मित्राच्या गाडीत कुलपात ठेवली, चेंबर आणि रिसीव्हर रिकामे असल्याचं दोघांनी बोट घालून पाहिलं, आणि बाकावर फक्त डमी काडतुसं घेतली, दारू नसलेली, प्रायमरची (ठिणगी देणाऱ्या टोपीची) जागा उघडी असलेली. गॅरेजात एवढा नियम मी कधी मोडत नाही.

टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग कुठे भिडतात हे पाहायला आपण निळा रंग लावतो, ब्ल्यू मॅचिंग करतो. तोच रंग डमीच्या टोकावर बोटाने पातळ चोपडला, दोनची क्लिप भरली, आणि बोल्ट सोडला. दहा वेळा. चार वेळा अडकलं, आणि चारही वेळा नळीच्या मागच्या पृष्ठभागावर घड्याळाच्या सहाच्या किंचित डावीकडे निळा ठिपका उमटला. चेंबरच्या तोंडाची उतरती कडा मात्र कोरडी. ज्या जागी ग्राइंडर फिरवायचा सल्ला मिळाला होता, तिथे काडतूस अडकत नव्हतंच. ते तिथवर पोहोचतच नव्हतं.

मित्र बराच वेळ तो ठिपका बघत राहिला. मग काही न बोलता त्याने पिशवीतला दगड काढून बाकाच्या खणात टाकला.

आता प्रश्न एवढाच उरला: टोक खाली का झुकतंय? रायफल उघडली. ट्रिगर हाउसिंग काढलं, लाकूड वेगळं केलं, फॉलोअर रॉड पुढे ढकलून आर्ममधून सोडवला, आर्मची पिन ठोकून काढली. फॉलोअर आणि त्याच्या खाचांत जुनं ग्रीस गुळाच्या काकवीसारखं घट्ट झालेलं होतं, ते केरोसीनने धुतलं. फॉलोअर आर्म, बुलेट गाइड, कॅच यांवर झीज होती, पण वयाच्या मानाने साधारण.

मग स्प्रिंग बाहेर काढून स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवली. ही स्प्रिंग मोकळी असताना किमान १९.२५ इंच लांब असावी लागते. त्याखाली गेली की बदलायची. आमची १८.९ भरली. मी पट्टी उलटी करून पुन्हा मोजली, मग मित्राकडून मोजून घेतली. त्यात मधल्या भागातली काही वेटोळी बाकीच्यांपेक्षा जवळ आलेली, बोटाने चाचपल्यावर कळत होती. स्प्रिंग कदाचित कारखान्यातून निघाल्यापासूनची असेल. बोल्ट पुढे नेण्यापुरता जोर तिच्यात अजून होता, म्हणूनच पहिली सहा काडतुसं जात होती. शेवटच्या दोघांना उचलून धरण्यापुरता उरला नव्हता.

नवी स्प्रिंग, आणि उरलेलं गणित

नवी स्प्रिंग १९.९ इंचांची आली. घासणाऱ्या जागांवर ग्रीस लावलं, तेल नाही. बोल्टच्या लगला (बाजूच्या दाताला), ऑपरेटिंग रॉडच्या खाचेला, रिसीव्हरच्या पट्ट्यांना. तेल लवकर उडून जातं आणि ही रायफल कोरडी चालायला तयार नसते.

रंगाची चाचणी पुन्हा केली. दहापैकी दहा डमी आत गेल्या. नळीच्या मागच्या पृष्ठभागावरचा ठिपका नाहीसा झाला.

मला वाटलं, झालं. पुढच्या रविवारी रेंजवर पुन्हा बारा क्लिपा, शहाण्णव गोळ्या. दोन अडकल्या, दोन्ही सातव्या.

मित्राचा चेहरा पडला. वहीत पाहिलं, तर दोन्ही वेळा क्लिप क्रमांक ४. मागच्या रविवारची पानं उलटली. तेव्हा तीच क्लिप दोन्ही वेळा अडकली होती, पण इतर क्लिपाही अडकत असल्यामुळे ती गर्दीत लपली होती. मोठा दोष गेल्यावर लहान दोष उघडा पडला. वही नसती तर मी बहुधा स्प्रिंगवरच पुन्हा शंका घेतली असती आणि चांगली स्प्रिंग बदलत बसलो असतो.

क्लिप ४ व्हर्नियरने मोजली. काडतुसांना दोन्ही बाजूंनी धरणारी तिची तोंडाची दुमड एका बाजूला उघडली होती; बाकीच्या पाच क्लिपांपेक्षा अंतर पाऊण मिलिमीटर जास्त. कधीतरी काँक्रीटवर पडून कुणाच्या तरी बुटाखाली आली असणार. पक्कडीने दाबून परत बसवता येईल का, असं मित्राने विचारलं. बसली असती. पण वाकून परत सरळ केलेल्या स्प्रिंग-पोलादाच्या तुकड्यावर मी भरवसा ठेवत नाही, आणि क्लिप काही दुर्मीळ नाही. ती बाद केली आणि चुकून परत वापरात येऊ नये म्हणून तिथल्या तिथे मधोमध कापली.

त्यानंतर पाच क्लिपा तीनदा, एकशेवीस गोळ्या. एकही अडकली नाही.

त्या दिवशी निघायच्या आधी मित्राकडून दोनची क्लिप दहा वेळा भरून घेतली, अंगठ्याने काडतूस पुढे न सरकवता. पहिल्या तीन-चार वेळा त्याचा अंगठा सवयीने तिकडे जायचा आणि मी त्याच्या मनगटाला हात लावायचो. दहाही वेळा काडतूस सरळ आत गेलं.

पुढच्या सामन्यात झटपट फेरीला ऐंशी सेकंद होते. दोन, मग आठ. मी मागे उभा राहून मोजत होतो. सातव्याला माझाच श्वास थांबला. दहावी गोळी सुटली, क्लिप उडून माझ्या पायाशी पडली. मित्राने बोल्ट मागे असल्याचं दाखवलं, चेंबर रिकामं असल्याची खूण म्हणून पिवळा झेंडा त्यात घातला आणि उठला. क्लिप उचलून पाहिली, तिच्यावर मार्करने लिहिलेला २ होता. स्प्रिंगची लांबी आणि बसवल्याची तारीख त्याने स्वतःच्या वहीत लिहून ठेवली आहे. दोन हजार गोळ्या झाल्या की पुन्हा माझ्या बाकावर पट्टीशेजारी ठेवून मोजायची ठरली आहे.